एक पिल्लू आईला

आमच्या नानांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, एक नियम होता. पोपटाच्या ढोलीतून पिल्लं काढायची, पण एक आईला ठेवायचं. पिंपळवंडीच्या मळ्यातल्या चिंचेवर ते दरसाल चढायचे. धट्टीकट्टी, लवकर बोलतील अशी पिल्लं पाहुण्यारावळ्यांकडे जायची. ढोलीत उरायचं ते सगळ्यांत किरटं. आमच्या घरात याला पुण्य म्हणायचे, डोंबलाचं!

आसपासची जुनी झाडं रस्त्यापायी, बागांपायी गेली. चिंच राहिली, आणि तिच्यावर लाल खांद्यांच्या मोठ्या पोपटांची दोनचार जोडपी. अंडी घालायची, पण अलीकडे पिल्लं निघायची नाहीत. पोपटांचा अभ्यास करणारी एक मुलगी खाली पडलेली पिसं तपासायला घेऊन गेली. मग तिचा फोन आला. सगळे एकाच रक्ताचे निघाले होते, आणि बाहेरून नवं पाखरू यायला मधे झाडंच उरली नव्हती. एखादं निरोगी पिल्लू निघालं तर जिवापाड जपा, म्हणाली.

नानांना हे सांगायचं कसं? सोयरीक जुळवायला अख्खा तालुका त्यांना बोलावतो. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं, की ठरलेलं लग्न मोडून उठणारा माणूस. मी सरळच सांगितलं, "नाना, पोपटांची भावकीतच लग्नं लागत्यात. चांगली तेवढी आपण नेली."

ते भाकरी अर्धी टाकून उठले.

यंदा एका ढोलीत एकच पिल्लू झालं. चांगलं गुटगुटीत. नाना रोज चिंचेखाली खुर्ची टाकून बसायचे. एकच दिवस आम्ही राजुरीला लग्नाला गेलो आणि तेवढ्यात त्यांचा मुलगा चाकणहून सुट्टीला आला. त्याला यातलं काही सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आम्ही परतलो तोवर त्यानं पिल्लू आपल्या साहेबाच्या घरी पाठवलंसुद्धा होतं. साहेबाकडे फोन केला, तर रस्त्यातच मेलं म्हणाले.

मी त्याला नको नको ते बोलले. तो माझ्याकडे बघेचना. बापालाच म्हणाला, "एक ठिवायचं, तुमीच शिकिवलं ना? हितं एकच व्हतं. मग ठिवायचं कंचं?"

नाना उठून दारात गेले. बाहेर पोपटीण चोचीत चारा घेऊन ढोलीत शिरत होती, तशीच बाहेर येत होती. दोन दिवस येत राहिली.

आता कुणी सोयरिकीचं विचारायला आलं, की नाना आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतात.