वाळा घातलेले बुलबुल

महागावजवळच्या तांड्यातल्या धावजीला कोणाला दुखवणं म्हणून जमत नसे. घरी कोंबडी कापायची म्हटली की तो तांडा सोडून निघून जाई, आणि रस्सा शिजल्यावर मात्र बरोबर ताटावर हजर होई. असा माणूस प्रेरणानं पाखरं धरायला ठेवला.

प्रेरणा यवतमाळची, पाखरांचा अभ्यास करणारी. हिवाळ्यात ती नाल्याकाठच्या झुडपांत बारीक जाळ्या लावी आणि सापडलेल्या बुलबुलाच्या पायात नंबराचा इवलासा वाळा घालून त्याला सोडून देई. पुढच्या हिवाळ्यात त्यांतले किती पुन्हा सापडतात, त्यावरून किती जगले याचा हिशेब लावायचा. जाळीतली पाखरं अलगद सोडवून कापडी पिशवीतून तिच्याकडे आणणं हे धावजीचं काम. ते बघून मोतीबाई, त्याची बायको, म्हणे, "मले कधी इतक्या हळू हात नाई लावला या मानसानं!"

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी प्रेरणा त्यांच्याकडे जेवायला बसली आणि नुसती भाकरी कुस्करत राहिली.

"काय झालं व पोरी?" मोतीबाईनं विचारलं.

"मावशी, वाळा घातलेला एकही बुलबुल सापडत नाही. सगळे मेले असतील. त्या वाळ्यांनीच मेले असतील, माझ्यामुळे. उद्या जाळ्या गुंडाळते."

धावजीचा घास हातातच राहिला. "मेले? अवं, मले तं रोज भेटून राह्यले!"

"कुठे?"

"जाळीत."

"मग माझ्याकडे का नाही आणले, काका?"

"त्याहीचं काम तं झालं न! बोटाले शाई लागलेल्या मानसाले कोनी पुन्हा मतदानाच्या रांगेत लावते काय? वाळा दिसला का मी तिथंच सोडून देतो. गरिबाले दोनदा कायले तरास?"

मोतीबाईनं कपाळावर हात मारला. "पाखरं जित्ती हायेत. अक्कल तेवढी मेली या मानसाची!"

इतक्या दिवसांची मेहनत वाया गेली होती. रागवावं की धावजीच्या पाया पडावं, हे प्रेरणाला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धावजी पिशवी छातीशी धरून आला. प्रेरणानं हात आत घातला. बुलबुलानं तिच्या बोटाला असा कडकडून चिमटा काढला, की ती किंचाळली. पायात मागच्या वर्षीचा वाळा होता. ती बोट चोळत हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झाला न नंबर वाचून?" धावजी कासावीस होऊन म्हणाला. "मंग सोड आता लवकर. त्याची घरवाली वाट पाहत असन."