गार चहावर फुंकर

घाटात जीप उलटल्यापासून कोळवणच्या त्या ड्रायव्हरकाकांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. संशोधनासाठी गावात गेले की मी त्यांच्या ओट्यावर टेकायचे. मोठ्या धक्क्यानंतर माणूस मधूनच स्वतःतून हरवतो का, हे विचारणारी प्रश्नावली आम्ही मराठीत आणली होती आणि ती भरवशाची आहे का ते तपासत होतो. पंधरवड्याने त्याच माणसाला तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं त्याने स्वतःच द्यायची.

त्यांचं बोलणं मोजकं, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. चहा मात्र बशीतच. भरलेली बशी ओठांशी नेऊन ते मध्येच थांबत, नजर समोरच्या भातखाचरांवर, आणि थेंबही सांडत नसे. मग बायको त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवी. "आवो, च्या घ्या."

"मधला वेळ आठवतच नाही, असं होतं का?" मी प्रश्नावलीच्या पहिल्या खेपेला विचारलं.

"हिला इचारा. मला कसं कळंल?"

मी नियम सांगितला. ते ओशाळून हसले. "मंग न्हाईच लिवा."

दुसऱ्या खेपेला बायको भातलावणीला गेली होती. चहा त्यांनीच केला. सगळी उत्तरं पहिल्यासारखीच आली, म्हणजे त्यांच्यापुरती प्रश्नावली भरवशाची ठरली. मी कागद आवरले तेव्हा बशी त्यांच्या ओठांशी थांबलेली होती. गुडघ्यावर हात ठेवणारं कुणी नव्हतं आणि मला तो ठेवता येईना. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने त्यांनी त्या गार चहावर फुंकर घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

"या की, ताई. कवा आला तुमी?"