मामांचा निळा डबा

जगातल्या श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या औषधपाण्याचा खर्च उचलावा की नाही, या प्रश्नाचा निकाल लावणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मोठमोठ्या परिषदांना जे जमलं नाही, ते त्यांनी नागलीच्या पापडांवर भागवलं.

मामांचं एक व्रत होतं. दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करायची नाही. आता शेजारणीची वाटी परत करताना तीत चार बेदाणे टाकावेत, हे कुठल्याही घरात होतं. पण मामा वाटीवर थांबणाऱ्यांतले नव्हते. शेजाऱ्यांची शिडी परत गेली ती वरच्या पायरीला द्राक्षांचा घड बांधून. माझी छत्री त्यांनी पेरू भरून आणून दिली. मी ती जिन्यात उघडली आणि पेरू माझ्या आधी तळमजल्यावर पोचले. वाचायला नेलेला पेपरसुद्धा घडीत कढीपत्ता घेऊन यायचा. "अहो मामा, पेपरला कशाला?" म्हटलं, तर म्हणत, "तुमच्याकडून आणलाय ना? मग!" या 'मग'पुढे कुणाचं काही चालत नसे.

अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मामांनी पेठ गावाच्या पलीकडे, एका आदिवासी पाड्यावरच्या दवाखान्याचं चिटणीसपद अंगावर घेतलं. पगार शून्य, एसटीचा प्रवास भरपूर. या दवाखान्याला युरोपातल्या एका संस्थेकडून औषधं यायची, आतला माल थंड राहील अशा जाड निळ्या डब्यांतून. संस्थेची गाडी भरलेले डबे ठेवायची आणि आधीचे रिकामे घेऊन जायची. रिकामे, हा आपला संस्थेचा समज. मामांच्या कारकिर्दीत त्यांत पाड्यावरच्या बायांनी लाटलेले नागलीचे पापड असत.

याच सुमारास गंगापूर रोडवरच्या आमच्या संध्याकाळच्या बाकावर परदेशी मदतीचा विषय रंगत असे. आमच्यातले एक वकील ठणकावून सांगत, "दिलीच पाहिजे त्यांनी! उपकार कसले? ज्याच्याकडे जास्त आहे त्याने द्यायचं, साधा न्याय आहे." मी म्हणायचो, फुकट कुणी देत नाही, आज औषध देतील, उद्या आपली धोरणंही लिहून देतील. मामा शेवटी म्हणत, "द्यायचं की नाही ते त्यांनी बघावं. डबा परत कसा करायचा, तेवढं आपलं." मामांना जगाचं राजकारण कळत नाही, यावर वकिलांचं आणि माझं एकमत होतं. दुसरं कशावर झाल्याचं आठवत नाही.

एकदा संस्थेचा साहेब स्वतः पाड्यावर आला. मामांनी मला दुभाषा म्हणून नेलं होतं. साहेब उंच, सज्जन आणि घामाघूम. त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं, की ज्यांना मदत द्यायची त्यांच्याकडून भेट घेणं नियमात बसत नाही. तेव्हा पापड कृपया थांबवावेत. मामांचा चेहरा पडला. ओसरीवर बाया आजारी लेकरं मांडीवर घेऊन औषधाची वाट बघत होत्या.

"म्हणजे आम्ही घ्यायचं आणि यांनी घ्यायचं नाही? जावईबापू, विचारा त्यांना, मग आम्ही त्यांचे कोण?"

याचं भाषांतर मला जमेना. गाडीतले डबे उतरेनात, कारण मामा दार अडवून उभे. एका माणसाच्या हट्टापायी पोरांची औषधं आल्या वाटेने परत जाणार, हे मला दिसू लागलं. तेवढ्यात ओसरीवरची एक म्हातारी उठली आणि तिने भाजलेला पापड साहेबापुढे धरला. "खा रं बाबा. लय लांबून आलास."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि नियम बाजूला ठेवून पापडाचा तुकडा मोडला.

"झालं," मामा म्हणाले. "उतरवा डबे." त्यानंतरही पापड जात राहिले. कागदोपत्री मात्र डबे रिकामेच होते.

पुढे काही वर्षांनी संस्थेने कळवलं, की भारत आता गरीब राहिलेला नाही, सबब मदत बंद. आम्हाला बाकावर बसल्या बसल्या श्रीमंत झाल्याचा फार अभिमान वाटला. वकिलांनी पेढे वाटले. मामा मात्र मागे राहिलेला एक निळा डबा घेऊन औषधं मागायला निघाले. आधी बाकाकडेच आले. "अहो, हे सरकारचं काम," वकील म्हणाले, "आपण कुठवर पुरे पडणार?" बाकीच्यांना एकदम घरची कामं आठवली. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने द्यायचं, हा साधा न्याय युरोपपुरताच होता तर!

मामांनी वाद घातला नाही. ते औषधाच्या दुकानांत गेले, अंबडच्या जुन्या सोबत्यांकडे गेले. कुणी गोळ्या दिल्या, कुणी बाटल्या. ज्याने दिलं त्याच्या घरी नागलीचे पापड पोचले, आणि पापड खाल्लेल्या माणसाला पुढच्या खेपेला नाही म्हणणं जड जाऊ लागलं. शेवटी वकीलही पापडाला बळी पडले. दवाखाना चालू राहिला.

मग मामा गेले, अगदी अचानक. आता दवाखान्याचं काय, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही. तेरावं झाल्यावर एका दुपारी मी मामींकडे बसलो होतो, तर साहेबाला पापड देणाऱ्या त्या म्हातारीची सून पाड्यावरून आली. डोक्यावर निळा डबा. "तिकडंच राहिला व्हता," ती म्हणाली. मामींनी झाकण उघडलं. आत काठोकाठ पापड.

"अगं, आता कशाला गं एवढे?" म्हणत मामी रडायला लागल्या.

ती बिचारी गोंधळली. "मामांच्या घरचा डबा हाय. रिकामा कसा आनू?"

मामींनी पापड काढून घेतले आणि डबा पुसून माझ्यापुढे ठेवला. मला मामांची फार आठवण आली; ते असते तर 'मग!' म्हणाले असते. त्या सुनेची परतीची एसटी संध्याकाळी होती, तोवर डबा औषधांनी भरायला हवा होता. मी डबा उचलला आणि वकिलांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी डब्याकडे पाहिलं, चष्मा लावला आणि पायांत चपला सरकवल्या.