सकाळची गोळी

आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायचो. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या ताईला लहानपणापासून इसब होतं. कोपरांच्या खळग्यात आणि गुडघ्यांमागे कातडी कायम लाल, चिरलेली. झोपेत ती रक्त येईपर्यंत खाजवायची, म्हणून आई तिच्या हातांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधायची. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, खोबरेल, वांगं बंद, आंबट बंद, सगळं करून झालं होतं.

ताई आठवीत गेली त्या सुमारास खाजेवर नवी गोळी निघाली होती. आमच्या डॉक्टरांनी ती दिली आणि बजावलं, "झोपताना अर्धीच. गुंगी येते हिनं."

ताई कितीतरी दिवसांनी सलग झोपली. वडिलांना इतकं बरं वाटलं, की दिवसा तरी पोरीनं का सोसावं, असं म्हणून त्यांनी सकाळीही अर्धी सुरू केली. डॉक्टरांना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

ताई वर्गात पहिल्या दोघीतिघींत असायची. महिन्याभरात शाळेतल्या बाई घरी आल्या.

"मुलगी बाकावर पेंगते. काही विचारलं की नुसती बघत राहते."

"आजारी आहे हो," वडील म्हणाले. "बरी झाली की पाठवू." आणि त्यांनी तिला घरी बसवलं.

बरेच महिने असेच गेले. एकदा वेणी घालताना आईनं विचारलं, "आता खाज कमी आहे ना गं?"

"खाज आहेच," ताई म्हणाली. "मलाच काही कळत नाही."

आई वेणी तशीच सोडून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "सकाळी कुणी द्यायला सांगितली? या गोळीनं इसब जात नाही. रात्री डोळा लागावा, एवढ्यासाठी दिली होती."

सकाळची गोळी थांबली. ताई आठवडाभरात पूर्वीसारखी बोलायला लागली. पण वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. लहान मुलींबरोबर पुन्हा त्याच वर्गात बसायला ती तयार होईना. वडिलांनी परोपरीनं समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची. पुढं वयाबरोबर इसब आपसूक ओसरलं, आणि लग्न होऊन ती कल्याणला गेली.

मी मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांनी पेढे आणले. मी पाया पडले तर म्हणाले, "तुझ्याआधी ताईचे पेढे यायला हवे होते."

ताईपाशी मात्र ते हे कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.