भांडणाचे वीस गुण

भांडायला लावून मार्क देणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या शाळेत पोरं त्यांना 'भांडणाच्या बाई' म्हणत, आणि बाईंना त्याचं कौतुकच होतं. मराठीच्या तोंडी परीक्षेत त्या पुस्तक मिटून बाजूला सारत, चष्म्यावरून समोरच्याकडे बघत आणि म्हणत, "हं, माझ्यावर चिडलायस असं समज. भांड."

पोरं आधी दचकत, मग सुटत. "पाठ केलेलं सगळेच म्हणतात गं," बाई मला सांगत, "चिडल्यावर माणूस कसं बोलतो ते ऐक." मी त्यांच्या हाताखाली नवी लागलेली, नियमांना जपणारी. मला हा सगळा पोरखेळ वाटे.

मग एका वर्षी शाळेने तोंडीसाठी छापील तक्ता आणला: उच्चार, व्याकरण, शब्दसंपत्ती. बाई निवृत्तीला आलेल्या, म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे आलं. वीसपैकी सात मिळाले की पास. घडियाळी पोळमधली वैदेही आत आली. बाईंनी "भांड" म्हणायचा अवकाश, तिने कमरेवर हात ठेवले.

"माझा काय वांक? चोपडी भावाने फाडली आणि तुम्ही नेहमी मलाच वढता! एकदा तरी विचारलंत, पोरी, काय झालं म्हणून?"

बाईंना हसता हसता खोकला आला. "अठरा दे," त्या म्हणाल्या. पण परभाषेतल्या शब्दांचे गुण कापा, असं तक्त्यात लिहिलं होतं. दोषाला वांक आणि रागावण्याला वढणं म्हणतच मी बडोद्यात वाढले, तरी कापले. सहा दिले.

बाईंनी तक्ता दोनदा वाचला. "तुझा तक्ता बरोबर आहे गं. पण पोरगीही बरोबर होती." खाडाखोड त्यांनी केली नाही. ती मी करायला हवी होती.

पुढच्या वर्षी वैदेहीने मराठी विषय सोडला. दांडिया बाजारात आम्हा दोघींना दिसली तेव्हा "केम छो, बेन?" म्हणून पुढे गेली.

गेल्या वर्षी बाईंना पक्षाघात झाला. मी भेटायला गेले तेव्हा वाचा-उपचार करणारी मुलगी त्यांना चित्रं दाखवत होती. कप, छत्री, किल्ली. बाई नुसत्या बघत होत्या. मुलीने कागदावर प्रत्येक चित्रापुढे शून्य मांडलं.

ती गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. दुसरं काही सुचेना.

"बाई, वैदेहीला मी सहा दिले ना, ते बरोबरच होते."

त्यांचा डावा हात चादरीवर आपटला. मान थरथरली, ओठ वाकडे झाले. मग घशातून ओढून काढल्यासारखा एकच शब्द आला.

"अठरा."

महिन्याभराने बाई गेल्या. इतक्या वर्षांत माझ्याशी त्या तेवढ्या एकदाच भांडल्या.