टवांडाचं नाक

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, हे लंडनमधल्या अख्ख्या ईलिंगला माहीत आहे. पण त्या रागापायी नाक फुटलं ते टवांडाचं.

टवांडा झिंबाब्वेचा. २००४ साली आमच्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायला आला. मी, शशिधर, तिथला हेड शेफ. महिनाभरातच हा खालून, भांडी घासायच्या बेसमेंटमधून, ओरडायला लागला, “शशी, आजचं जिरं जुनं आहे!” च्यायला, जिरं भाजतोय मी आणि खोट काढतोय हा! पण जिरं खरंच जुनं असायचं. त्या नाकाच्या जोरावर तो भांड्यांवरून वाइनच्या बाटल्यांपर्यंत पोचला. माणूस चर्चवाला, घोट कधी गिळला नाही. चाखायचा आणि थुंकायचा. २००८च्या उन्हाळ्यात तो सोमेलिएची, म्हणजे वाइनच्या जाणकारांची, परीक्षा देणार होता. तिथे नुसता पेला पुढे ठेवतात. वासा-चवीवरून देश आणि वर्ष सांगायचं. झिंबाब्वेचा सोमेलिए? लोक हसायचे. हा पुढचा पेला हुंगायला घ्यायचा.

परीक्षेला अकरा दिवस उरले होते. रविवारी दुपारी चार धटिंगण आले, आधीच प्यायलेले. टवांडाने त्यांना रुडोची वाइन सुचवली. रुडो त्याच्या गावची मुलगी. दक्षिण आफ्रिकेतल्या केपमध्ये द्राक्षं तोडता तोडता वाइन बनवायला शिकली, आणि तिची पहिली पेटी लंडनमध्ये आली ती आमच्याकडे. त्या पेटीला टवांडा कुणाला हात लावू देत नसे.

त्याने बाटली उघडली, हुंगली आणि म्हणाला, “सॉरी सर, ही बुचामुळे बिघडली आहे. दुसरी आणतो.”

असं फ्रेंच बाटल्यांचंही होतं. मी असतो तर गपचूप ओतली असती, त्या बैलांना काय कळणार होतं! पण रुडोच्या नावावर बिघडलेली वाइन द्यायला हा तयार नव्हता.

“आफ्रिकेची दारू, नासकीच असणार!” एक जाड मानेचा खिदळला. त्याने बाटली हिसकावून टवांडाच्या डोक्यावर उपडी केली. मग कॉलर धरून थोबाडीत मारली. पुन्हा मारली. टवांडा हात मागे बांधून उभा.

किचनच्या दारातून मी पाहिलं आणि डोक्यात तिडीक गेली. हातात भजी तळायचा लोखंडी झारा होता, तो घेऊन धावलो. जीव खाऊन हाणला. टवांडा मला अडवायला मध्ये आला, तो जाड्या खाली वाकला, आणि झारा टवांडाच्या तोंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. टेबलक्लॉथवर वाइन कुठली आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं. तोवर चौघे पळाले होते.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, कुणी मारलं? टवांडा माझ्याकडे बघत म्हणाला, “जिन्यावरून पडलो.” माझं वर्क परमिट जाईल म्हणून. आणि मी, एवढा तोंडाळ माणूस, मूग गिळून बसलो. आजही लाज वाटते.

हाड जुळलं. वास गेला. परीक्षा हुकली आणि तो परत भांड्यांवर. रोज सकाळी मी त्याच्या नाकाखाली हिंगाची डबी धरायचो. हिंगाची! “काही नाही, शशी,” तो म्हणायचा. एकदा मी डबी जमिनीवर आपटली. “अरे, शिव्या तरी दे! मार मला!” म्हणून ओरडलो. त्याने हिंग झाडून भरून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी डबी स्वतःच पुढे केली. “उघड.”

नोव्हेंबरात, भर लंचच्या गर्दीत, चुकीच्या ऑर्डरवरून मी वेटरशी भांडत होतो. खालून आवाज आला, “शशी! कांदा करपतोय!”

“तू मला शिकवतोस? गप भांडी घास!” मी खेकसलो, आणि जागीच थिजलो.

खाली एक प्लेट फुटली. तो साबणाच्या हातांनी जिना चढून आला, अर्ध्यावर थांबला. नाकपुड्या थरथरत होत्या.

“गॅस बंद कर ना,” तो कसाबसा म्हणाला.

मी केला नाही. सगळा कांदा काळाठिक्कर होईपर्यंत तो जिन्यात उभा राहून हुंगत होता, आणि मी भोकाड पसरून रडत होतो.