आठवं गाणं आणि राणी

जगदीश मास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. परळच्या एका लॅबसाठी ते सकाळी घरोघरी जाऊन रक्त काढायचे. हात इतका हलका, की सुई गेल्याचं माणसाला कापूस लावल्यावर कळायचं. मास्तर हे नाव पडलं ते रविवारच्या उद्योगामुळे. नायगावच्या बीडीडीत, आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. तिथे ते पोरांना तालात बोलायला शिकवायचे. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे आपटायचा, गर्दीत नेमकं कुणाच्या डोळ्यांत बघायचं.

त्या पोरांतला एक सम्यक. आता तो 'धुराडं' या नावाने रॅप करतो आणि दिल्लीपर्यंतची पोरं त्यावर माना हलवतात.

मंडळाचा रिवाजही मास्तरांनीच घातलेला. धुराडंचा अल्बम आला की कुणी एकट्याने ऐकायचा नाही. रविवारी सगळ्यांनी कॅरमभोवती बसायचं, प्रत्येक गाण्यानंतर वाद घालायचा आणि सोंगट्या टाकायच्या. आवडलं तर पांढरी, नाही तर काळी. लाल राणी फक्त एका गाण्याला, तीही सगळ्यांचं एकमत असेल तरच. तीन अल्बम झाले, राणी कधीच कुणाला मिळाली नव्हती.

चौथा अल्बम शुक्रवारी आला. 'बाविसावा मजला'. आठव्या गाण्याचं नाव 'मास्तर'.

"तीन महिन्यांपूर्वी बोलावलं होतं मला," जगदीश मास्तर खोलीत शिरता शिरता सांगत होते. "म्हणाला, जुनं सगळं सांगा, रेकॉर्ड करतो. दोन तास बोललो." एक्केचाळीस वर्षांचा माणूस, नवा शर्ट घालून आलेला. बरोबर त्यांची आई, शांताबाई. निळी साडी, डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने येतं तेवढं येतं.

"नाव घेतलंय ना रे तुझं?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"गाण्याचं नावच मी आहे, आये."

पहिलं गाणं संपलं आणि पूर्वीने काळी सोंगटी आपटली. पूर्वी कॉलेजात जाते आणि तिच्या जिभेला धार आहे. "आधीच्या अल्बमात नळाचं पाणी होतं. हे मिनरल वॉटर."

"घंटा!" मनू भडकला. मनू म्हणजे धुराडंचा कट्टर भक्त, हातावर त्याचं नाव गोंदलेला. "बीट ऐकलास? बीट!"

"बीट विकत मिळतो रे. राग कुठून आणणार? त्याच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये एसी आहे."

"म्हणजे माणसाने कायम चाळीतच सडायचं का, तुला आवडावं म्हणून?"

"सडू नको ना. पण चाळ सोडून चाळीवर सहा गाणी कशाला?"

"थांबा, थांबा," मास्तर मध्ये पडले. "श्वास ऐका. आठ ओळी, एक श्वास. कुठे दम लागलाय का? हे इथे शिकवलंय." त्यांनी खोलीतली फरशी दाखवली. त्यांनी पांढरी टाकली, आणि पुढच्या प्रत्येक गाण्यालाही पांढरीच.

सातवं संपलं. मनूने मोबाइल उभा धरला, मास्तरांच्या तोंडावर.

"शूटिंग कशाला रे?"

"आठवण म्हणून, मास्तर."

आम्ही सगळ्यांनी अल्बम शुक्रवारीच ऐकला होता. मीसुद्धा. रिवाज पाळणारे एकटे मास्तरच, ज्यांच्यावर आठवं गाणं होतं. आणि शुक्रवारपासून आमच्यातल्या एकीनेही किंवा एकानेही त्यांना गाठून गाण्यात काय आहे ते सांगितलं नव्हतं. चेहरा बघायचा होता ना.

गाणं सुरू झालं ते मास्तरांच्याच आवाजात. सम्यकने रेकॉर्ड केलेलं, त्यांनी विश्वासाने सांगितलेलं. "दोन हजार नऊची जयंती रे. स्टेजवर गेलो, स्वतःचं गाणं होतं. एक शब्द आठवेना. मग म्हटलं, माइक टेस्टिंग, वन टू थ्री, आणि उतरलो. घाबरलो रे. अजून घाबरतो." शेवटी एक हुंदका. सम्यकने तो हुंदका कापून बीटवर बसवला होता, ढोलकीसारखा. वर त्याच्या ओळी:

मास्तर शिकवी पोहायला, स्वतः बसे काठावर
माइक पुढ्यात आला की घाम फुटे ओठावर

खोलीत हशा फुटला. मनू कॅरमवर पालथा पडला. "माइक टेस्टिंग!" कुणी ओरडलं, "वन टू थ्री!" बाकीचे. पूर्वीसुद्धा हसली, आणि मीही. बीट खरंच जबरदस्त होता.

मास्तर हसले. उशिरा, पण हसले.

शांताबाई टाळ्या वाजवत होती. तिला शब्द लागले नव्हते, आवाज लागला होता. "माझ्या जग्याचा आवाज आहे हा! परत लावा रे."

"परत लाव, आजी म्हणतायत!"

परत लावलं.

मग सोंगट्या. मनू पांढरी, पूर्वी पांढरी, मी पांढरी. एकामागून एक सगळ्या पांढऱ्या. "राणी! राणी!" मनू कॅरमची कड बडवत होता. "पहिल्यांदा एकमत! मास्तर, तुमचंच राहिलंय."

त्यांनी एक काळी टाकली असती तर खेळ संपला असता. बोट काळीवर गेलंही होतं.

"देत का नाहीस?" आई म्हणाली. "एवढं मोठं नाव केलं पोराने तुझं. जळतोस का त्याच्यावर?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग मधली राणी उचलली आणि पांढऱ्या सोंगट्यांवर ठेवली. "तिसऱ्या ओळीत श्वास चुकलाय," ते मोबाइलकडे बघून म्हणाले. "बाकी बरोबर आहे."

संध्याकाळपर्यंत मनूचा व्हिडिओ धुराडंने स्वतः शेअर केला. खाली लिहिलं, 'लव्ह यू मास्तर', आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. मनूने तो स्क्रीनशॉट मास्तरांना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. पुढच्या रविवारी खोलीला कुलूप होतं. किल्ली मास्तरांकडे असते.

मंगळवारी ते आमच्याकडे आले, माझ्या बाबांची साखर तपासायला. दर महिन्याला येतात. बाबांनी, म्हणजे बाबुरावांनी, बाही वर केली. वाईट मनाने नाही, सगळी चाळ म्हणते म्हणून म्हणाले, "काय मास्तर? माइक टेस्टिंग?"

मास्तरांनी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. रक्त आलं नाही. सुई काढून पुन्हा घातली.

"आई गं," बाबा म्हणाले.

"सॉरी," मास्तर म्हणाले. ओठावरचा घाम त्यांनी खांद्याला पुसला आणि तिसऱ्यांदा शीर शोधायला लागले. मी दारात उभी होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.